चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

बापूने मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला तेव्हाच कळलं, आज कट्टा लवकर उठत नाही.

"आपला जीडीपी जगात पहिल्या पाचात! इंग्लंड मागे, फ्रान्स मागे. बघून घ्या."

"तू काय रात्रपाळी केलीस का त्यासाठी?" पक्याने विचारलं.

बापूला असलं काही ऐकू येत नाही. आकडा मोठा असला की त्याचा आवाजही मोठा होतो. हे शाळेपासूनचं आहे. नंदा कोपऱ्यात टेकली होती. बत्तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून काढून ती गेल्या वर्षी रिटायर झाली. ती बोलायला लागली की मी तरी गप्प बसतो.

"एकूण सांगितलंस. माणशी किती?"

बापूने बोट फिरवलं. "वर्षाला अडीच-पावणेतीन हजार डॉलर."

"आणि बांगलादेशात?"

"त्यांचा काय संबंध?"

"बघ तर."

त्याने बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. जवळपास तेवढंच. २०२० मध्ये तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजात ते आपल्या जरा पुढे दिसले होते. तेव्हाही बापू याच जागी बसून "आकडे खोटे" म्हणून ओरडला होता.

"बांगलादेशचं नाव काढू नका रे, त्याला टीव्ही आठवतो," पक्या म्हणाला, आणि सगळे फुटलेच. २००७ च्या वर्ल्डकपसाठी बापूने हप्त्यावर मोठा टीव्ही घेतला होता. १७ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बांगलादेशने आपल्याला पाच विकेटनी हरवलं, मग श्रीलंकेनेही, आणि पहिल्याच फेरीत घरी. वर्ल्डकप संपला, हप्ते राहिले.

"त्यातले दोन माझ्याकडून उसने नेलेस," पक्या म्हणाला. "अजून यायचेत."

"विषयाला धरून बोला!" बापू.

"धरते," नंदा म्हणाली. "१९७१ ला त्या देशाकडे काय होतं? युद्ध, त्याच्या आदल्या वर्षीचं चक्रीवादळ, आणि सरासरी आयुष्य पन्नाशीच्याही आत. आज सत्तरच्या वर आहे. बापू, ही वाढलेली वर्षं डॉलर आल्यावर आली असं वाटतं तुला? डॉलर नंतर आले. आधी मीठ-गूळ आला."

तिने हात पुढे केला आणि तीन बोटं जुळवून दाखवली. "एवढं मीठ. मूठभर गूळ. अर्धा शेर पाणी. ढवळायचं आणि जुलाब लागलेल्या पोराला घोट घोट पाजायचं. बस."

हे तिच्याकडून मी आधीही ऐकलंय, तरी त्या तीन बोटांकडे बघतच राहिलो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातांनी रोग्यांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्या खाली आलं. पुढे १९८० पासून दहा वर्षं 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेच्या बायका बांगलादेशात दारोदार फिरल्या. एक कोटीहून जास्त घरं. प्रत्येक घरात आईला शेजारी बसवून तिच्याच हाताने पाणी करून घ्यायचं.

"आणि त्यांचा पगार कशावर होता माहितीये?" नंदा म्हणाली. "किती घरं फिरलात यावर नाही. मागाहून दुसरं कोणी येऊन आयांना विचारायचं, काय काय आठवतंय? जेवढं आठवेल तेवढे पैसे. आम्हाला मात्र रजिस्टर भरल्याचा पगार. मी त्याच मिश्रणाच्या पावडरचं पाकीट हातात दिलं की पोराची आई म्हणायची, 'सिस्टर, पावडर नको, सलाईन लावा.' सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असं वाटायचंच नाही. एक पोर आलं होतं, टाळू आत गेलेली, चिमटा काढला तर कातडी तशीच उभी. दोन दिवस पाणी बंद ठेवलं होतं त्याचं, जुलाब थांबावेत म्हणून."

ते पोर वाचलं का, हे कोणी विचारलं नाही.

जरा वेळाने मास्तर म्हणाले, "१९९० मध्ये पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण त्यांच्याकडे आपल्याहून जास्त होतं. २०२० पर्यंत ते आपल्याहून खाली गेले. आणि या सगळ्या काळात बहुतेक वर्षं श्रीमंत आपणच होतो." मास्तर आकडे हळू सांगतात, म्हणून ते लक्षात राहतात.

"मग एवढं सोनं पिकत होतं तर २०२४ च्या ५ ऑगस्टला पंतप्रधान हसीनाबाईंना देश सोडून का यावं लागलं?" बापूने हुकमी पत्ता टाकला.

"कारण ती पोरं जगली, बापू," नंदा म्हणाली. "जगली, शिकली आणि नोकरी मागायला आली. वाढ वर्षाला सहा-सहा टक्क्यांनी चालली होती म्हणे, पण शिकलेल्याला काम नव्हतं, आणि त्यातच सरकारी जागांतल्या शंभरात तीस स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी धरून ठेवायचा बंद झालेला नियम त्या जूनमध्ये कोर्टाने पुन्हा लागू केला. जगवलंस तर पुढचंही बघावं लागतं."

"आणि कपड्यांचे कारखाने?" पक्या. हा स्वतः कटिंग मास्टर, त्यामुळे इथे त्याचा आवाज बदलला. "चाळीस लाखांच्या आसपास कामगार, त्यात बायकाच जास्त. राणा प्लाझा, ती कारखान्यांची इमारत, आठवते ना? २०१३ चा एप्रिल. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाईवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी बोलावलं. इमारत कोसळली, अकराशेहून जास्त गेले. मी उमेदवारी केली त्या वर्कशॉपात जिन्याच्या दाराला बाहेरून कडी असायची, माल चोरीला जाऊ नये म्हणून. आत आम्ही चाळीस जण. त्या बातमीनंतर मला आठवडाभर झोप नव्हती. जीडीपीत ती कडी कुठे मोजतात, सांग."

"मोजत नाहीत," नंदा म्हणाली. "पण पक्या, त्या बायकांना कारखाना बंद नकोय, दार उघडं हवंय. पहिला पगार हातात आला की घरात मुलीचं लग्न कधी करायचं यावर तिला विचारावं लागतं. आपल्याकडे २०१५-१६ च्या पाहणीत शंभरात ५३ बायकांचं रक्त कमी होतं, २०१९-२१ ला ५७. हे सगळं तू फिरवतोस त्या आकड्यांच्याच वर्षांत, बापू. मला तुझा पाचवा नंबर नको असं नाही. त्यातला घास तिच्या ताटात कधी पडणार, ते मला कळू दे."

बापू गप्प. अगदी खरा गप्प. मग हळूच म्हणाला, "माझी आई सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जेवायची."

"माझीही," मास्तर म्हणाले.

कोणी काही बोलेना. शेवटी पक्यालाच राहवलं नाही.

"ते दोन हप्ते आज दे की."

"एकूण किती होतात रे?" बापूने पाकीट काढलं.

"एकूण नको विचारूस," नंदा म्हणाली, "माणशी सांग त्याला!"

मास्तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि बापूनेच पाण्याची बाटली पुढे केली. पाकीट पुन्हा खिशात गेलं ते पक्याने पाहिलं, पण तेव्हा तोही हसत होता.