खुलासा : लिव्हर-ॲक्शन रायफलीवर स्कोप बसतो

‘लिव्हर-ॲक्शन रायफलीवर स्कोप बसवता येत नाही, रिकामी पुंगळी त्यावर आदळते’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (लिव्हर-ॲक्शन म्हणजे ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून पुढची गोळी भरायची रायफल; स्कोप म्हणजे वर बसवायची नेमाची दुर्बीण; पुंगळी म्हणजे झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच.) दोन महिन्यांपूर्वी मीही जवळपास हेच लिहिलं होतं. ते चुकीचं होतं.

संदेशातलं म्हणणं खरं आहे ते मुख्यतः जुन्या विंचेस्टर ९४ या रायफलीबाबत. जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेत पुंगळी रिसीव्हरच्या (रायफलीची यंत्रणा असलेल्या मधल्या भागाच्या) वरून बाहेर पडते, त्यामुळे बरोबर मधोमध बसवलेला स्कोप तिच्या वाटेत येतो. पण कंपनीनेच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अँगल इजेक्ट’ आणलं, आणि पुंगळी तिरकी बाजूला पडू लागली. मार्लिन ३३६ ही लिव्हर-ॲक्शन रायफल तर १९४८ पासूनची. तिचा रिसीव्हर वरून बंद, पुंगळी उजवीकडून बाहेर. जुनी ९४ आणि ३३६ यांचे रिसीव्हर शेजारी ठेवून पाहिले की फरक लगेच दिसतो.

जुन्या ९४ वरही स्कोप बाजूला सरकवून किंवा पुढे नळीवर बसवतात. मला मात्र तिच्यासाठी मागची पीप साइट (नेम धरायची छिद्राची चकती) जास्त पटते: डोळा छिद्राच्या मध्यातून आपोआप पाहतो, लक्ष फक्त पुढच्या साइटवर ठेवायचं, आणि रायफलीचा हलकेपणा टिकतो.

स्कोप घेतलात तर तो कमी शक्तीचा आणि खाली बसणारा घ्या. हॅमरला (अंगठ्याने मागे ओढायच्या घोड्याला) आडवा जोड लावा, नाहीतर आयपीसखाली (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाखाली) अंगठा नीट पोहोचत नाही आणि हॅमर निसटू शकतो. कामाआधी रायफल रिकामी आहे ना, हे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) पाहूनच ठरवा.

माझा जुना मजकूर कुठे पाठवला असेल तर कृपया तो काढून टाका, पुढे पाठवू नका.