खुलासा: स्नॅपशॉटच्या फाइली हाताने डिलीट करू नका

पणजी-मडगावकडच्या सिस्टम ॲडमिन मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "बॅकअपनंतर व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट निघत नसेल, तर सर्व्हर बंद करून डेटास्टोअरमधल्या ०००००१ नावाच्या फाइली डिलीट करा, जागा मोकळी होते." हे चूक आहे, आणि फार महागात पडणारं आहे.

व्हीएमवेअर म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि डेटास्टोअर म्हणजे त्या मशीनच्या फाइली ठेवायची जागा. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं; तो घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते. त्यानंतरचं प्रत्येक लिखाण या ०००००१ नावाच्या डेल्टा (बदलांच्या) फाइलीत जातं. स्नॅपशॉट काढून टाकणं म्हणजे ते मूळ डिस्कमध्ये मिसळणं. फाइलच उडवली तर तेवढा डेटा गेला. फोंड्यात आमच्या चाचणी सर्व्हरवर मी मुद्दाम करून पाहिलं: मशीन सुरूच झालं नाही.

स्नॅपशॉट निघायचं बहुतेक वेळा अडतं ते लॉकमुळे, म्हणजे दुसऱ्या मशीनने डिस्क धरून ठेवल्यामुळे. बॅकअप प्रॉक्सीने (बॅकअप घेणाऱ्या मशीनने) हॉट-ॲडने, म्हणजे मशीन चालू असतानाच, स्वतःला जोडलेली डिस्क काम संपल्यावरही सोडलेली नसते. बॅकअप चालू नाही याची खात्री करा, प्रॉक्सीच्या सेटिंगमधून ती परकी डिस्क काढा. पण "डिस्कवरूनही डिलीट" हा पर्याय चुकूनही निवडू नका. मग कन्सॉलिडेट (उरलेले डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळणारा पर्याय) चालवा. स्नॅपशॉट मॅनेजर (स्नॅपशॉटची यादी) रिकामा दिसला तरी डेल्टा शिल्लक असू शकतो. डेटास्टोअरवर मोकळी जागा आधी बघा. मोठ्या डेल्टाला तासन् तास लागतात, मध्येच थांबवू नका. पावसात आपल्याकडे वीज जाते, म्हणून यूपीएसही तपासा.

एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं व्हीएमवेअरच सांगतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.