खड्डा बुजवायचा नसतो, मांडायचा असतो

आयर्लंडच्या एखाद्या ग्रामीण मतदारसंघातून तुम्ही विरोधी बाकांवर निवडून आला असाल तर अभिनंदन. आता पहिली सूचना: गावाकडचे प्रश्न सोडवायच्या भानगडीत पडू नका. ते मांडायचे असतात. डब्लिनमध्ये किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउस या जुन्या सरदारी वाड्यात डॉल, म्हणजे तिथली लोकसभा, भरते ती मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी. आठवड्याचे बाकीचे चार दिवस तुम्ही काय मांडलंत ते गावाला सांगण्यासाठी मोकळे ठेवलेले आहेत.

विषय निवडताना नवखे सदस्य गृहनिर्माण, करप्रणाली, परराष्ट्र धोरण असल्या गोष्टींकडे ओढले जातात. तसं करण्याआधी मतांचा हिशेब बघा. १७४ सदस्य, ४३ मतदारसंघ, एकेका मतदारसंघात तीन, चार किंवा पाच जागा. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतो. पाच जागा असतील तिथे वैध मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा एक मत जास्त पडलं की तुम्ही आत. सहातल्या पाच जणांनी तुम्हाला पहिली पसंती दिली नाही तरी बिघडत नाही. मात्र त्या पाचांपैकी कुणाला दुखवायचं नाही, कारण शेवटची जागा त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पसंतीवर लागते. म्हणून भांडण नेहमी मतदारसंघाबाहेरच्या माणसाशी काढावं. डब्लिन त्यासाठीच आहे. आणि तुमचा खरा शत्रू सरकार नव्हे. तुमच्याच मतदारसंघातला, तोच खड्डा तुमच्या आदल्या दिवशी मांडणारा दुसरा सदस्य, हे विसरू नका.

खड्डा मांडायला दोन-तीन दारं आहेत. पक्षनेत्यांच्या प्रश्नांचं दार सगळ्यात भव्य: तीन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं पंतप्रधानांचं उत्तर, मग एकेक मिनिट उणंदुणं. पण ते गटनेत्यांसाठी असतं. तुम्ही एकटे अपक्ष असाल तर पाळी येईपर्यंत खड्ड्यात बदकं पोहू लागतील. त्यानंतरच्या सरसकट प्रश्नांत जेमतेम मिनिटभर मिळतं. तिथे सरकारच्या कारभार-कार्यक्रमाच्या अमुक पानावर 'ग्रामीण आयर्लंडचा संतुलित विकास' असं म्हटलं आहे, एवढं बोलून थेट आपल्या वळणावर यायचं. पान कुठलंही चालतं, ग्रामीण विकास सगळीकडे शिंपडलेला असतो.

मुख्य दार मात्र तिथल्या लक्षवेधीचं. सभापती दिवसाला चार विषय निवडतात. प्रत्येकाला १२ मिनिटं: चार तुमची, चार मंत्र्यांची, मग दोन तुमची आणि दोन मंत्र्यांची. पहिल्या चारांतलं पाऊण मिनिट विषय निवडल्याबद्दल सभापतींचे आभार मानण्यात घालवा. पुढचं दीड मिनिट भूगोलाला द्या. रस्त्याचा क्रमांक सांगा (राष्ट्रीय रस्त्याला एन, प्रादेशिक रस्त्याला आर, गावरस्त्याला एल), वाडीचं नाव सांगा, चर्चपासून किती अंतर आणि कुठल्या पबच्या वळणावर तेही सांगा. सभागृह त्या वेळी जवळपास रिकामं असतं, तेव्हा हे कुणाला कळणार अशी चिंता नको. ज्यांना कळायचं ते घरी बसून बघताहेत. उरलेल्या वेळात रुग्णवाहिका, शाळेची बस आणि एकटी राहणारी म्हातारी यांना त्या खड्ड्यावरून न्या. शेवटची वीस सेकंदं एम-५० या डब्लिनच्या वळणरस्त्याची. त्याच्या पलीकडेही माणसं राहतात, हे सरकारला सुनवा. डब्लिनला ट्राम आहे, मेट्रोच्या गप्पा चालू आहेत आणि आमच्याकडे बस फिरकत नाही, हे वाक्य कुठल्याही विषयाला लागू पडतं. शिवाय ते खरंही आहे, त्यामुळे त्याला उत्तर नसतं.

मंत्री काय म्हणतील याची धाकधूक नको, उत्तर आधीच ठरलेलं आहे. प्रादेशिक आणि स्थानिक रस्त्यांची देखभाल ही १९९३ च्या रस्ते कायद्याच्या कलम १३ नुसार संबंधित रस्ते प्राधिकरणाची, म्हणजे तुमच्या काउंटी कौन्सिलची (तिथली जिल्हा परिषदच म्हणा), वैधानिक जबाबदारी आहे. दवाखान्याचा प्रश्न असेल तर ही सेवाविषयक बाब असल्याने आरोग्यसेवा यंत्रणेला सदस्यांना परस्पर उत्तर देण्यास सांगितले आहे. पोलिस ठाण्याचा असेल तर तो कामकाजाचा भाग, गार्डा म्हणजे तिथल्या पोलिस दलाच्या आयुक्तांच्या अखत्यारीतला. तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांचं भाषण घरूनच लिहून आणावं. त्यात 'मंत्रिमहोदयांच्या उत्तराने माझी घोर निराशा झाली' हे वाक्य हवं. उत्तर वाचायला संबंधित मंत्री न येता भलत्याच खात्याचा राज्यमंत्री आला तर दैव उघडलं म्हणायचं. विषय पुढे ढकलण्याचा पर्याय तुम्हाला असतो, पण तो वापरून ही संधी घालवू नका. रिकाम्या खुर्चीकडे हात करून तीस सेकंदं संतापा. चित्रफितीत तेवढाच भाग उठून दिसतो.

कौन्सिलचा खड्डा राष्ट्रीय संसदेत का, असं एखादा परदेशी माणूस विचारील. त्याला सांगा, २००३ च्या कायद्याने खासदाराला एकाच वेळी नगरसेवक राहायची बंदी झाली. पुढच्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकांपासून ती लागू आहे. खड्ड्याचा निर्णय जिथे होतो तिथे तुम्हाला बसता येत नाही, आणि जिथे बसता तिथे तो होत नाही. २०१४ मध्ये ८० नगर परिषदाही मोडीत निघाल्या. उरल्या ३१ स्थानिक संस्था, त्यांचे अधिकार तुटपुंजे आणि पैशाची मोठी किल्ली डब्लिनकडे. मग लोक डब्लिनला जाणाऱ्यालाच धरणार, ह्यात त्यांचं काय चुकलं? अडचणीवर घरगुती उपायही आहे: कौन्सिलात आपलं माणूस बसवावं. नैर्ऋत्येकडच्या केरी काउंटीतल्या हीली-रे घराण्याचा पाठ गिरवा. डोक्यावर चौकड्यांची टोपी घालणारे जॅकी हीली-रे १९९७ मध्ये डॉलमध्ये आले, मुलगा मायकल २०११ मध्ये, दुसरा मुलगा डॅनी २०१६ मध्ये, आणि पुढची पिढी काउंटी कौन्सिलात. खड्ड्याला दोन्ही टोकांनी धरायचं ते असं.

याच डॅनींकडून भव्यतेचाही धडा घ्यावा. २०१३ च्या जानेवारीत, ते नगरसेवक असताना, केरी कौन्सिलने त्यांचा ठराव संमत केला: एकाकी राहणाऱ्या खेडूतांना दोन-तीन पेले घेऊन गावरस्त्याने हळूहळू गाडी चालवत घरी जायचा परवाना मिळावा. असा परवाना द्यायचा अधिकार कौन्सिलला नव्हताच. बातमी मात्र जगभर झाली. २०१६ मध्ये डॉलमधल्या हवामानबदलाच्या चर्चेत त्यांनी हवामान वरच्या देवाच्या हातात असल्याचं सांगितलं, तेव्हाही तेच. मायकल यांनी किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानात माजलेलं ऱ्होडोडेंड्रॉन काढायला सैन्य बोलवा म्हटलं होतं. मागणी अशी हवी की मान्य होण्याचा धोकाच नको.

धोका खरंच असतो. समजा, सरकारने हो म्हटलं. तुमच्या वाडीचा खाजगी रस्ता स्थानिक सुधारणा योजनेत बसला. ही योजना सार्वजनिक नसलेल्या, पण घरांना आणि शेतांना जाणाऱ्या वाटांसाठी आहे आणि २०१७ च्या सप्टेंबरात ती पुन्हा सुरू झाली. पाचपर्यंत घरं असतील तर खर्चाचा १० टक्के वाटा रहिवाशांचा, जास्त असतील तर १५ टक्के, आणि एका घरामागे कमाल १,२०० युरो. इथे तुमची खरी कसोटी. एक शेजारी पैसे द्यायला नकार देतो, दुसरा कुंपण हलवायला, आणि दोघेही तुमचे मतदार. त्यातून काम मार्गी लागलंच, तर निधीची घोषणा सत्ताधारी सदस्य दहा मिनिटं आधी फेसबुकवर टाकतो. म्हणून 'सततच्या पाठपुराव्याला यश' हा मजकूर आधीच तयार ठेवा. आकड्याची जागा तेवढी कोरी.

एक मोह मात्र टाळा: सरकारला पाठिंबा देऊन वर विरोधकांच्या वेळेत बोलायचा. २०२५ च्या २२ जानेवारीला नेमकं यावरूनच डॉल बंद पडली. नव्या सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही ग्रामीण अपक्षांना विरोधी बाकांवरचा भाषणवेळ हवा होता. सभापती व्हेरोना मर्फी यांना कामकाज पुन्हा पुन्हा तहकूब करावं लागलं आणि मिहॉल मार्टिन यांची पंतप्रधानपदाची निवड एक दिवस लांबली. २४ तारखेला एओविन वादळ आलं. गॉलवेच्या मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, सात लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली, आणि पश्चिमेकडच्या खेड्यांत काहींच्या घरी ती यायला दोन आठवड्यांच्या वर लागले. ग्रामीण आवाजाला किती मिनिटं मिळावीत यावर इतकं बारकाईने भांडण झाल्यावर ग्रामीण माणसाने अंधारात मेणबत्ती लावून त्याचा वृत्तान्त वाचायला हरकत नव्हती.

शत्रूंची टंचाई हा नवा प्रश्न आहे. ईमन रायन हरित पक्षाचे नेते असताना सोय होती. ३०० माणसांच्या गावाने ३० गाड्या वाटून वापराव्यात, लांडगे परत आणावेत, असं ते २०१९ मध्ये म्हणाले आणि त्यांच्या त्या वाक्यांवर ग्रामीण सदस्यांची कित्येक भाषणं निघाली. २०२४ मध्ये हरितांच्या जागा १२ वरून एकावर आल्या. एका माणसावर किती ओरडणार? आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेले लिओ वराडकरही आता पंतप्रधान नाहीत. त्यांच्यासमोर केरीचे आणि टिपरेरीचे रस्ते कित्येकदा ठेवले गेले. उत्तरं मालवणी तिखटाची नसली तरी डब्लिनची म्हणून चिडायला पुरत.

सभागृहातलं काम संपलं की खरं सुरू होतं. चित्रफीत त्याच संध्याकाळी स्थानिक रेडिओकडे गेली पाहिजे. तिथे निधनवार्ता वाचल्या जातात, त्यामुळे श्रोते हमखास असतात. त्या निधनवार्ता तुम्हीही ऐका आणि अंत्यविधींना जा. हस्तांदोलन करा आणि खड्ड्याचा विषय स्वतःहून काढू नका, रांगेतला तिसरा माणूस काढतोच. लेखी प्रश्न टाकत राहा. त्यांची उत्तरं काही दिवसांत येतात, त्यात कलम १३ असतं. ती उत्तरं 'मी आपला विषय थेट मंत्र्यांकडे नेला' अशा पत्रासोबत अर्जदाराला पाठवा. शासकीय कागद, वर वीणेचं (हार्पचं) राष्ट्रचिन्ह, घडी घालून ड्रेसरवर ठेवण्याजोगा.

आणि विषय संपलेच, तर रस्त्याकडेची झुडपं आहेत. वन्यजीव कायद्याने १ मार्च ते ३१ ऑगस्ट ती छाटता येत नाहीत. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी अपवाद आहे, तो तुम्ही सांगायची गरज नाही. जुलैच्या मध्याला डॉलची सुट्टी लागते, तोवर फांद्या बसच्या आरशाला लागू लागलेल्या असतात. त्याच आठवड्यात विचारा.