चार पोरांच्या मालिकेतून चार पोरेच हद्दपार

साउथ पार्क या अमेरिकी व्यंग्य-कार्टून मालिकेचे नवे भाग मी एकही न चुकवता पाहिले आहेत, त्यामुळे संतापण्याचा पुरेपूर अधिकार मला आहे. मोबाइलवर फिरणारी दीड-दोन मिनिटांची दृश्ये पाहून ज्यांनी 'मालिका पुन्हा फॉर्मात आली' असा निर्वाळा देऊन टाकला, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही, कारण त्यांनी मालिका पाहिलेलीच नाही. मी गेली वीस वर्षे ती पाहत आलो आहे, जुने भाग मला तोंडपाठ आहेत, आणि 'अजून कार्टून बघतोस?' हा प्रश्न घरातल्यांनी विचारून विचारून शेवटी सोडून दिला आहे. एवढी निष्ठा बाळगणाऱ्या माणसाला पंधरा-पंधरा दिवस ताटकळत ठेवायचे आणि मग त्याच्या पुढ्यात शिळ्या कढीला आणलेला ऊत ठेवायचा, आणि वर त्याने टाळ्याही वाजवाव्यात अशी अपेक्षा करायची, हे मला मान्य नाही.

मुळात 'नवा सीझन' कशाला म्हणायचे, हेच आधी कोणीतरी समजावून सांगावे. २०२३ च्या मार्चमध्ये सव्विसावा सीझन संपला, तो अवघ्या सहा भागांचा. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ तीन विशेष भागांपलीकडे काहीही आले नाही. मग सत्ताविसावा सीझन जाहीर झाला, तो ९ जुलै २०२५ ची तारीख हुकवून २३ जुलैला सुरू झाला, २४ सप्टेंबरपर्यंत त्याचे पाच भाग झाले, आणि १५ ऑक्टोबरला पुढचा भाग लावून बसलो तेव्हा कळले की सत्ताविसावा सीझन केव्हाच संपला असून आपण अठ्ठाविसाव्याचा पहिला भाग पाहत आहोत. कथा तीच, पात्रे तीच, अर्धवट टांगून ठेवलेले कथासूत्रही तेच, फक्त आकडा बदललेला! पहिल्या सीझनमध्ये १३ आणि दुसऱ्यात १८ भाग देणाऱ्या मालिकेने पाच भागांच्या ऐवजाला सीझन म्हणावे आणि आपण ते ऐकून घ्यावे, हा कुठला न्याय?

मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची सहा दिवसांत भाग तयार करण्याची पद्धत एकेकाळी आमच्या अभिमानाचा विषय होती. गुरुवारी कल्पना सुचायची, पुढच्या बुधवारी भाग प्रसारित व्हायचा, आणि २०१३ मध्ये स्टुडिओची वीज गेल्यामुळे पहिल्यांदा एक भाग वेळेवर पोहोचला नाही, तेव्हा ती बातमी ठरली होती. आता दोन भागांमध्ये पंधरवड्याचे अंतर ठेवूनही १७ सप्टेंबरचा भाग वेळेत पूर्ण झाला नाही. सगळे काही शेवटच्या क्षणी करायला गेलो की असे होते, चूक आमचीच, असे त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. त्या प्रांजळपणाचा राग येत नाही. राग याचा येतो की पंधरवड्याचे अंतर ठेवल्यावर विनोदाची वेळ निघून जाते. ज्या घटनेवर इतरांचे शेकडो विनोद करून झाले आहेत, तीच घटना ही मालिका दहा-बारा दिवसांनी घेऊन येते, आणि ज्यांची घोडी नेहमी वरातीच्या पुढे नाचायची, त्यांचीच घोडी आता वरातीमागून निघालेली पाहावी लागतात.

पण वेळापत्रकाचे दुखणे वरवरचे आहे. खरा संताप निराळ्याच गोष्टीचा आहे.

ही मालिका चौथीत शिकणाऱ्या चार मुलांची आहे. स्टॅन, काइल, कार्टमन आणि केनी. कोलोरॅडोतल्या डोंगरांमधले एक बर्फाळ, आडबाजूचे गाव आहे, आणि बाहेरच्या जगात जो काही मूर्खपणा चालला असेल तो या गावात येताना इतका लहान होऊन येतो की तो मुलांच्या भांडणात मावतो. मालिकेचे सारे सामर्थ्य या लहान होण्यात होते. २००४ च्या ऑक्टोबरमधला भाग आठवा. बुश आणि केरी यांच्यातली निवडणूक आठवड्यावर आलेली होती, सगळा देश दोन तट पडून एकमेकांच्या अंगावर धावत होता, आणि या दोघांनी काय केले? शाळेसाठी नवे शुभचिन्ह निवडण्याचा प्रश्न उभा केला. प्राणिमित्र संघटनेच्या दबावामुळे जुने गाईचे चिन्ह जाते, मुले चेष्टा म्हणून दोन अत्यंत गलिच्छ पर्याय सुचवतात आणि नेमके तेच दोन पर्याय मतदानाला येतात. दोन्ही सारखेच टाकाऊ असल्याने मी मत देणार नाही, असे स्टॅन म्हणतो, आणि त्याचे मित्र, आईवडील, सगळे गाव त्याच्यावर तुटून पडते. एकाही उमेदवाराचा चेहरा दाखवावा लागला नाही. आज एकवीस वर्षांनी, त्या निवडणुकीचे तपशील विसरलेला माणूसही तो भाग पाहून हसतो, कारण तो स्टॅनच्या कोंडीला हसतो आणि स्टॅनची कोंडी जुनी होत नाही.

आता नव्या भागांकडे पाहा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या खऱ्या छायाचित्रातून कापलेले तोंड, त्याखाली चितारलेले धड, शेजारी अंथरुणात कंटाळलेला सैतान. पहिल्या भागात हे पाहून मी हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, हे मी नाकारणार नाही. पाच वर्षांच्या दीडशे कोटी डॉलरच्या कराराची शाई वाळण्याआधीच स्वतःच्या मालक कंपनीची, पॅरामाउंटची, लक्तरे वेशीवर टांगायची आणि तीही तिच्याच पडद्यावर, याला जे धाडस लागते ते या दोघांजवळ आजही आहे. राष्ट्राध्यक्ष छोट्याशा गावावर ५०० कोटी डॉलरचा दावा ठोकतात आणि घाबरलेले गावकरी तडजोडीला तयार होतात, ही कल्पना तर अस्सल साउथ पार्कची होती, कारण संकट गावात आले होते आणि गाव ते गावाच्या पद्धतीने निस्तरत होते.

पण जाणकार प्रेक्षकाला त्या अंथरुणाची ओळख केव्हाच पटलेली असते. याच मालिकेच्या १९९९ च्या चित्रपटात याच सैतानाशेजारी, याच पद्धतीने कापलेल्या तोंडाचा सद्दाम हुसेन होता. तेच नाते, तीच कुरकुर, तोच दुखावलेला सैतान. सव्वीस वर्षांपूर्वीची गंमत पुन्हा काढायला माझी हरकत नाही, पण एकदा काढून ठेवून तर द्यावी! इथे ती दर पंधरवड्याला काढली गेली. सप्टेंबरमध्ये सैतानाला दिवस गेले असल्याचे कळले, त्याच्या पोटाभोवती भागामागून भाग रचले गेले, आणि १० डिसेंबरच्या शेवटच्या भागात ते मूल जन्मालाच आले नाही. नमनाला घडाभर तेल जाळून नाटकाचा पडदाच पाडून टाकावा, तसा प्रकार झाला.

त्याहून चीड येते ती हाताशी असलेले सोने मातीत घालण्याची. पहिल्याच भागात कार्टमनला एक भयंकर शोध लागतो. आजवर जे बोलून तो सगळ्यांना डिवचत आला, तेच आता सगळे उघडपणे बोलू लागले आहेत, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि त्यामुळे त्याच्या असण्यालाच अर्थ उरलेला नाही. दुसऱ्या भागात वर्गातला क्लाइड त्याचीच मते पॉडकास्टवर मांडून भाव खाऊ लागतो आणि कार्टमन 'ही माझी मते आहेत, याने ती चोरली' म्हणून चडफडतो. गावातल्या सर्वांत दुष्ट मुलाचा दुष्टपणा देशाने उचलला आणि मुलगा बेकार झाला! आजच्या अमेरिकेवर याहून नेमके भाष्य दुसऱ्या कोणाला सुचलेले मला तरी दिसले नाही. या एका कल्पनेवर सगळा सीझन उभा राहिला असता. कार्टमनने मग चांगले वागून पाहिले असते का, की त्याहून नीच काहीतरी शोधून काढले असते, त्याला पहिल्यांदाच लाज वाटली असती का, काइलशी त्याचे भांडण कशावरून झाले असते, या प्रश्नांची उत्तरे मला हवी होती. ती मिळाली नाहीत, कारण तोवर आपल्याला पुन्हा त्या शयनगृहात जायचे होते.

मिस्टर मॅकीचेही असेच. शाळेतला हा समुपदेशक नोकरी गमावतो आणि घरखर्च भागवायचा म्हणून तोंड झाकून स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या सरकारी पथकात भरती होतो. या माणसाला आपण पहिल्या सीझनपासून ओळखतो, त्याचे ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्‌के' म्हणणे ओळखतो, तो मनाने वाईट नाही हेही जाणतो, आणि म्हणूनच त्याच्या चेहऱ्यावर तो मुखवटा चढताना पोटात गोळा येतो. चांगली माणसे अशा कामाला कशी लागतात, हे दाखवायला शाळा, गाव आणि महिन्याचा खर्च एवढेच पुरे होते. पण अर्ध्या भागात त्याची रवानगी मार-ए-लागोमध्ये, ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या निवासस्थानी, होते, तिथे पुन्हा तीच मंडळी, आणि मॅकी बिचारा त्यांच्या गर्दीत एक पाहुणा होऊन उरतो. बटर्स, रँडी, टॉवेली, गावातल्या ज्या त्या पात्राला फिरूनफिरून वॉशिंग्टनचाच वारा लागतो. केनीला तर निर्माते विसरले आहेत की काय, अशी शंका येते. पूर्वी निदान तो जवळपास दर भागात मरायचा तरी.

बरे, ही चूक या दोघांना कळत नाही असेही नाही. २०१५ पासून त्यांनी मिस्टर गॅरिसनला, म्हणजे चौथीच्या वर्गशिक्षकाला, राष्ट्राध्यक्षपदाच्या वाटेवर सोडले होते. २०१६ च्या निवडणुकीचा निकाल उलटा लागला तेव्हा दुसऱ्या दिवशीचा भाग त्यांना रातोरात पुन्हा लिहावा लागला आणि तो सगळा सीझन त्या धक्क्यातून सावरला नाही. त्यानंतर वास्तवच व्यंगाच्या पुढे गेले आहे, आम्ही आता थोडे मागे सरतो, असे त्यांनीच सांगितले होते. २०२४ च्या निवडणुकीला तर त्यांनी हातही लावला नाही. ज्या खड्ड्यात आपण एकदा पडलो तो खड्डा नेमका कुठे आहे हे पुरते माहीत असताना त्याच वाटेने जायचे, याला माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

आणि मग ३१ ऑक्टोबरचा भाग आला. त्यात स्टॅन स्वतःच म्हणतो की साउथ पार्क आता बेकार झाले आहे, या राजकारणाने त्याची वाट लावली, पूर्वी आपण मित्र मिळून काहीतरी करायचो ते आठवते का? मी खुर्चीत ताठ बसलो. अरे, हे तर माझेच म्हणणे! पण लगेच काइलचा चुलतभाऊ त्या तक्रारीच्या नावाने क्रिप्टोचे नाणे काढतो आणि तक्रारीचा धंदा होऊन जातो. विनोद म्हणून तो वाईट नाही. पण आम्हाला वेड्यात काढण्याची ही पद्धत मला मुळीच आवडलेली नाही. प्रेक्षकाचे गाऱ्हाणे पात्राच्या तोंडी घालून मोकळे झाले की त्याचे निवारण करण्याची जबाबदारी संपते, असे का? उपाहारगृहातल्या वाढप्याने 'आमची भाजी खारट आहे बरं का' असे हसत हसत सांगावे आणि तीच भाजी पुन्हा वाढावी, तसे हे झाले.

याहून संतापजनक म्हणजे हे सगळे कोणाला सांगायचीही सोय राहिलेली नाही. पहिल्या भागानंतर व्हाइट हाउसने निवेदन काढून ही मालिका वीस वर्षांपासून संदर्भहीन झाल्याचे जाहीर केले, त्यामुळे आता कोणीही तिच्यात खोट काढली की समोरचा लगेच विचारतो, 'तुला त्यांची टिंगल झोंबली वाटते?' मला टिंगल झोंबलेली नाही. त्यांनी सत्ताधाऱ्यांची हवी तेवढी टर उडवावी, सोलून काढावे, मी पहिल्या रांगेत बसून हसेन. माझे म्हणणे इतकेच आहे की ती टर कार्टमनने उडवावी, शाळेच्या उपाहारगृहात उडवावी, आणि उडवताना काइलने त्याला शिवी घालावी. दुसरीकडे, मालिकेचे नवे भक्त मला ती समजतच नाही असे ऐकवतात. त्यातल्या अनेकांनी जुलैपूर्वीचा एकही भाग पाहिलेला नसतो. दोन्ही बाजूंनी बोलणी खायची आणि वर पुढच्या भागाची तारीख शोधत बसायचे, हेच नशिबी आले आहे.

१० डिसेंबरचा भाग संपल्यावर मी वैतागून २००१ मधला तो प्रसिद्ध भाग लावला, ज्यात नववीतला एक मुलगा कार्टमनला फसवून त्याचे एकूण १६ डॉलर १२ सेंट लुबाडतो. संपूर्ण भाग या १६ डॉलर १२ सेंटांचा आहे. ना राष्ट्राध्यक्ष, ना खटला, ना बातम्या. एक अपमानित मुलगा आणि त्याने थंड डोक्याने घेतलेला इतका अघोरी सूड, की ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांचे जेवण झालेले असू शकते. शेवटी तो मुलगा हमसाहमशी रडतो आणि कार्टमन त्याच्या गालावरचे अश्रू जिभेने चाटत, तृप्त होऊन त्यांची चव वाखाणतो. शंभरदा पाहिलेल्या त्या दृश्याला मी पुन्हा खदखदून हसलो, आणि हसू ओसरल्यावर दीडशे कोटी डॉलरचा तो आकडा आठवून पुन्हा तितकाच भडकलो.