पापाचा हिशेब ‘हाइबाने रेन्मेई’त कुणी ठेवत नाही

‘हाइबाने रेन्मेई’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका कुणाला सुचवली की आठवड्याभरात ठरलेलं उत्तर येतं. “कळलं सगळं. या मुलांनी आत्महत्या केलेली असते. ते गाव म्हणजे शुद्धिस्थान, मेल्यावर पाप धुवून निघेपर्यंत आत्मे थांबतात ती जागा. पाप फिटलं की उड्डाण, म्हणजे पुनर्जन्म किंवा मोक्ष, काय म्हणायचं ते म्हण.” चार वाक्यांत तेरा भाग निकालात. हा ‘उलगडा’ गेली कित्येक वर्षं फिरतोय आणि आता तो मालिकेचा सारांश असल्यासारखाच सांगितला जातो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो, त्यामुळे हे मत कुठून येतं ते मला नीट माहीत आहे. दुसऱ्यांदा पाहताना मात्र ते जागोजागी उसवायला लागलं.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं. शेवट सांगितल्याशिवाय हा वाद घालता येत नाही.

थोडक्यात गोष्ट अशी. २००२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात जपानच्या फुजी टीव्हीवर ही मालिका आली. योशितोशी आबे यांनी आधी स्वतःच छापलेल्या छोट्या चित्रकथेतून ती वाढली आणि पटकथाही त्यांचीच. उंच भिंतींनी वेढलेलं ग्ली नावाचं गाव. तिथे मोठमोठ्या कोषांतून मुलं बाहेर येतात. बोलता येतं, व्यवहार कळतो, पण आधीचं काहीच आठवत नाही. आठवतं फक्त कोषातलं स्वप्न आणि त्यावरूनच नाव मिळतं. पाठीवर राखाडी पंख फुटतात, डोक्यावर कडं बसवतात. हे हाइबाने. एक दिवस त्यातलं कुणीतरी न सांगता पश्चिमेच्या रानात जातं, प्रकाशाचा खांब आकाशात चढतो आणि ते माणूस नाहीसं होतं. याला ‘उड्डाणाचा दिवस’ म्हणतात. ज्यांचे पंख काळे पडतात त्यांना ‘पापाने बांधलेले’ म्हणतात आणि त्यांना हे उड्डाण मिळत नाही.

आता दावा एकेका तुकड्यात घेऊ. पहिला, सगळे हाइबाने आत्महत्या केलेली मुलं आहेत. पुरावा म्हणून स्वप्नं पुढे केली जातात. नायिका राक्का, तिच्या नावाचा अर्थ खाली पडणं, म्हणून तिने उंचावरून उडी मारली. तिला सांभाळणाऱ्या थोरल्या रेकीच्या स्वप्नाच्या शेवटी आगगाडी आहे. हे दोन पुरावे वजनदार आहेत आणि रेकीच्या बाबतीत तर मी वाद घालणारच नाही. पण बाकीच्यांचं काय? काना नदीत माशासारखी तरंगत होती. हिकारीला उजेड दिसला. कू आकाशात तरंगत होती. नेमू तर स्वप्नातही झोपलेलीच होती, म्हणून तिचं नाव नेमू. यातून बुडणं, वीज, झोपेच्या गोळ्या असं एकेक मरण ओढून काढता येतं आणि लोकांनी ते काढलंही आहे. पण मग ‘झोपणं’ या स्वप्नाचाही पुरावा होतो आणि ‘उजेड’ याचाही. असा पुरावा कशालाही चालतो. ओल्ड होम या हाइबानेंच्या घरात हुंदडणारी ती बारकी पोरं, जेवताना एकमेकांच्या ताटात हात घालणारी, त्यांचं काय करायचं? त्यांनीही?

खरी अडचण वेगळीच आहे. राक्का कोषातून बाहेर आली तेव्हा तिचे पंख काळे नव्हते. इतरांसारखेच राखाडी होते. ते काळे पडू लागतात ते कू गेल्यानंतर. कू ही सगळ्यांत लहानगी मैत्रीण, ती सहाव्या भागात उडून जाते आणि राक्का मागे राहते, खचते, आपण कुणाच्या कामाच्या नाही असं तिला वाटू लागतं. डाग तिथून सुरू होतात. काळेपणा हा आधीच्या जन्मातल्या मरणाचा शिक्का असता तर तो पहिल्या दिवसापासून दिसायला हवा होता. दुःखाने उशिरा उमटणारा शिक्का हा शिक्का कसला?

यावर कुणी म्हणेल, रेकीचे पंख तर जन्मापासून काळे होते. हो, होते. आणि तिच्या कोषापाशी ती बाहेर येताना कुणीही नव्हतं, हेही मालिका सांगते. या दोन गोष्टींतली कोणती कशाला कारण, हे ती सांगत नाही.

दुसरा तुकडा ख्रिश्चन शुद्धिस्थानाचा. पंख, कडं, उंच भिंती, म्हणजे झालं. पण ते कडं साच्यात घडवून आणलेलं असतं. राक्काचं तर सुरुवातीला डोक्यावर टिकतच नाही, तारेने बांधून ठेवावं लागतं. हिकारी बेकरीत कामाला आहे आणि हा साचा पाव-बिस्किटं करायला किती चांगला, हे तिच्या लक्षात आलेलं आहे. पंख फुटतात ते तापाने फणफणून, पाठीतून रक्त काढत. देवदूताची सगळी चिन्हं इथे हाताने बनवलेली किंवा दुखऱ्या अंगातून आलेली आहेत. हाइबानेंचा कारभार पाहणाऱ्या मठातही कुणी ‘पापांची कबुली’ घेत नाही. तिथे हाइबानेंना बोलायलाच बंदी. पंखांना घंटा बांधतात आणि हो-नाही पंख हलवून सांगायचं. मठातर्फे बोलणारा मुखवटेधारी माणूस म्हणजे वाशी (नवी मुंबईतलं नव्हे, जपानी शब्दाचा अर्थ ‘बोलणारा’ असा आहे).

आणि माझा आवडता पुरावा म्हणजे सुमिका. नेमू ग्रंथालयात काम करते, तिथली ही थोरली सहकारी. ती गावातली साधी बाई आहे, पंख नसलेली, आणि ती नोकरीतून निघते कारण तिला मूल होणार आहे. राक्का आणि नेमू तिला भेट म्हणून जगाच्या सुरुवातीची एक गोष्ट लिहून देतात. ज्या शुद्धिस्थानात बायका बाळंतपणाची रजा घेतात, ते शुद्धिस्थान मला तरी अजून कुठल्या धर्मग्रंथात भेटलेलं नाही. ग्लीमध्ये माणसं जन्मतात, दुकानं चालवतात, म्हातारी होतात.

तिसरा तुकडा आपल्याकडे विशेष लाडका आहे. कावळा. राक्काच्या स्वप्नात ती खाली कोसळत असते आणि एक कावळा तिला धरून ठेवायला बघतो. पुढे ती रानातल्या कोरड्या विहिरीत उतरते आणि तिला त्या कावळ्याची हाडं सापडतात. तिला कळतं की हे आपल्यावर माया असलेलं कुणीतरी होतं. ती त्याला पुरते. पिंडाला कावळा शिवला की नाही हे बघत उन्हात उभा राहिलेला कोणताही मराठी माणूस हे बघून म्हणणारच, झालं, पितर! मीही म्हणालो. आमच्याकडे दहाव्याला कावळा शिवेना म्हणून एका काकांनी मयताच्या आवडीचा चहासुद्धा आणून ठेवला होता, त्यामुळे कावळा दिसला की माझं डोकं तिकडेच जातं. पण तो आपला कावळा. जपानी कथांत यातागारासु नावाचा मोठा कावळा सम्राट जिम्मूला वाट दाखवतो. तो वाटाड्या आहे. आणि ग्लीमध्ये तर कावळे आधी दिसतात ते कचऱ्यापाशी. कानाची त्यांच्याशी रोजची झकाझकी चालते. त्यांचं खरं वेगळेपण एकच, की त्या गावात भिंत ओलांडून जाता येतं ते पक्ष्यांनाच. राक्काचा कावळा कुणाचा तरी आत्मा होता, एवढं मी मान्य करतो. पण तो पितर म्हणून तृप्त व्हायला आलेला नाही. इथे उलट आहे, राक्काचं मन शांत व्हावं म्हणून तो आला आहे.

वापरून टाकलेले कपडे, जुनं घर, पैसे न हाताळता वहीच्या पानावर होणारी खरेदी, यावरही ‘मेलेल्यांचं काही मालकीचं नसतं’ असा अर्थ लावतात. मला यात स्मशानापेक्षा विहार जास्त दिसतो. टाकून दिलेल्या चिंध्यांचं चीवर घालण्याची भिक्षूंची जुनी चाल आहे. बाकी या मुद्द्यात फार दम नाही, पुढे जाऊ.

सगळ्यांत मोठा तुकडा पापाचा. दाव्याचं म्हणणं सरळ आहे. आत्महत्या हे पाप, ग्ली ही शिक्षा, शिक्षा भोगून झाली की सुटका. चित्रगुप्ताची वही. आता मालिकेत पापाबद्दल जे बोललं जातं ते बघा. वाशी राक्काला एक कोडं घालतो. जो आपलं पाप ओळखतो त्याला पाप नाही. मग तू पापी आहेस का? राक्का विचार करते. पाप ओळखलं तर मी निष्पाप. पण निष्पाप म्हटलं की ओळख गेली, म्हणजे पुन्हा पापी. ती गोल गोल फिरत राहते, आणि या फिरण्यालाच ‘पापाचं चक्र’ म्हणतात. म्हणजे पापाने बांधलेला तो, जो आपलं पाप शोधत एकटाच घिरट्या घालतो. कोणतं कृत्य केलं हा प्रश्नच कुणी विचारत नाही. वाशी राक्काला ‘तू काय केलंस’ असं म्हणत नाही.

हिशेबाची वहीच असती तर रेकी केव्हाच सुटली असती. ओल्ड होमच्या सगळ्या पोरांचं ती करते. राक्काच्या तापात रात्रभर जागते, तिच्या पंखांवरचं रक्त पुसते. पुण्य मोजायचं तर तिच्या खात्यावर सगळ्यांत जास्त. आणि शेवटच्या भागात तीच राक्काला तोंडावर सांगते की हे सगळं मी माझ्या सुटकेसाठी केलं, तू मला त्याच कामाची होतीस. भयंकर प्रसंग आहे तो. पुण्य साठवून काहीच झालेलं नाही. खोलीच्या भिंतींवर तिने रंगवलेल्या त्या काळोख्या स्वप्नात गाडी येतच राहते. राक्का तिला हाक मारते, पण खेचू शकत नाही. कारण रेकीने मदत मागितलेली नाही, तिने ती कधीच कुणाकडे मागितलेली नाही. शेवटी तिच्या तोंडून ‘वाचव’ निघतं, तेव्हाच राक्काचा हात तिच्यापर्यंत पोचतो.

हे कर्मफळ नाही. कर्मफळात मधे दुसऱ्याचा हात येत नाही, आपलं आपणच फेडायचं असतं. इथे एकट्याने फेडणं हाच फास आहे.

आणि जपानचंच काही हवं असेल तर शुद्धिस्थान सोडून साई नो कावारा, म्हणजे तिथल्या समजुतीतला परलोकाचा नदीकाठ घ्या. आईबापांच्या आधी मेलेली मुलं तिथे नदीकाठी आईबापांसाठी खडे रचत बसतात. राक्षस येतात, रास मोडतात, मुलं पुन्हा रचतात. मग जिझो बोधिसत्त्व येतात आणि मुलांना आपल्या झग्याखाली घेतात. रेकी या नावाचा पहिला अर्थ खडे. उच्चार तोच ठेवून ते दुसऱ्या चिन्हाने लिहिता येतं, उजवी बाजू तशीच आणि डावीकडे दगडाऐवजी गाडी. मग अर्थ होतो चाकाखाली चिरडणं. हेच तिचं ‘खरं नाव’ म्हणून वाशीच्या डबीतून येतं, आणि सुटकेनंतर ते पुन्हा खड्यांचं होतं. आबे यांच्या मनात ती नदी होती असा माझा दावा नाही. पण खडे रचत राहणारी, रास कोसळत राहणारी आणि कुणीतरी आल्याशिवाय न सुटणारी मुलगी बघितली की मला तीच आठवते. तिथल्या मुलांचा दोष काय, तर आईबापांच्या आधी गेली. ‘आत्महत्या करणारा पापी’ हे वाक्य त्या नदीवरही नाही आणि ग्लीमध्येही नाही. ते आपण आपल्या घरून घेऊन जातो, आणि ज्यांच्या घरात असं कुणी गेलेलं आहे त्यांच्यासमोर तीन ओळींच्या सारांशात ते म्हणूनही टाकतो.

भिंतींच्या गावाचं मूळही मरणात नाही. आबे यांच्यावर हारुकी मुराकामींच्या १९८५ च्या कादंबरीचा प्रभाव आहे, ‘हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड’. तिच्यातही भिंतींनी वेढलेलं गाव, ग्रंथालय, भिंत ओलांडणारे पक्षी आहेत. पण ते गाव परलोक नाही, निवेदकाच्या स्वतःच्या मनाच्या तळाशी आहे.

राहिलं उड्डाण. दावा म्हणतो पुनर्जन्म. पडद्यावर फक्त प्रकाश दिसतो आणि मागे पडलेलं कडं. कू कुठे गेली हे राक्काला माहीत नाही, नेमूला नाही. उड्डाण चुकलेले हाइबाने पंख आणि कडं गमावतात, सगळ्यांपासून दूर राहतात, म्हातारे होतात, मरतात. म्हणजे दाव्यानुसार आधीच मेलेली माणसं पुन्हा मरतात, आणि त्यानंतर कुठे, यावर दाव्याकडे उत्तर नाही. आधी काहीतरी होतं, एवढं मी मानतो. भाषा येते पण नाव आठवत नाही, यातून दुसरा अर्थ काढणं कठीण आहे. पण त्या ‘आधी’ला रेल्वेच्या अपघाताचा पंचनामा जोडला की राक्काने आत घातलेला हात बिनकामाचा होतो. मग रेकी सुटते ती मुदत संपली म्हणून.

माझ्या लेखी ती सुटते ती तिच्या तोंडून एक शब्द निघाला म्हणून.