नमुना गावातच बिघडतो

"विद्यार्थी दिवसभर गावांत नमुने घेतील आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत देतील," असं गुरांच्या रोगनिदानाच्या प्रशिक्षणावरच्या लेखात आहे. मे महिन्यात वर्धा-यवतमाळकडे हे जमणार नाही. गवळाऊ जातीची गुरं सकाळी चरायला सुटतात, त्यामुळे रक्त नऊच्या आतच घ्यावं लागतं. सीरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणाऱ्या पिवळसर द्रवासाठी, साध्या नळीतलं रक्त सावलीत तिरपं ठेवून तासाभरात गोठू द्यायचं, सीरम दुसऱ्या नळीत काढायचं आणि मगच थंड करायचं. न गोठलेली नळी थेट बर्फाला टेकली की पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि एलायझाच्या (सीरममधून रोगाची खूण शोधणाऱ्या चाचणीच्या) निकालावर भरवसा राहत नाही. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी मात्र हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची नाही.

थायलेरियासाठी (गोचिडांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीसाठी) रक्ताचा पातळ थर दिलेली काचपट्टी तर गोठ्यातच वाळवून मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटं स्थिर करावी. उघडी ठेवली तर माश्या रक्त चाटून नेतात! गिम्सा (परजीवी दिसावेत म्हणून द्यायचा रंग) नंतर केला तरी चालतो. गुराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक तिथेच पेन्सिलीने लिहावा, घामाने शाई पसरते. पहिला आठवडा पीसीआरऐवजी (प्रयोगशाळेतल्या डीएनए चाचणीऐवजी) याच सरावाला द्यायला हवा.