जीनोम आधी आटला, उड्डाण नंतर

‘उडताना वजन हलकं राहावं म्हणून पक्ष्यांनी डीएनए कमी केला’ हे पक्ष्यांच्या जीनोमवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. परभणीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, मुलांच्या उत्तरपत्रिकांत हेच वाक्य वर्षानुवर्षं वाचते आहे. अहो, डीएनएचं वजन ते किती! प्रश्न पेशीच्या आकाराचा आहे. जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, लहान तर पेशीही लहान, आणि लहान पेशीत प्राणवायूची देवाणघेवाण झपाट्याने होते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीवर उतरणाऱ्या पट्टकदंब हंसाला हेच तर लागतं. न उडणाऱ्या शहामृगाचा जीनोम हमिंगबर्डच्या जवळपास दुप्पट आहे, तेही याच हिशेबात बसतं.

पण ‘म्हणून’ हा शब्द तिथे नकोच. २००७ मध्ये संशोधकांनी डायनासोरच्या जीवाश्म हाडांतल्या पेशींच्या पोकळ्या मोजून जीनोमच्या आकाराचा अंदाज बांधला. पक्षी ज्या शाखेतून आले, तिच्यातल्या कधीच न उडलेल्या डायनासोरांचा जीनोमही लहानच निघाला. म्हणजे आटणं उड्डाणाच्या कितीतरी आधीचं, पुढची छाटणी उड्डाणाच्या काळातली. लेखात कोंबडीचा उल्लेखही राहिलाच. २००४ साली तिचा जीनोम वाचला गेला: डीएनएची सुमारे १०० कोटी अक्षरं, माणसाच्या एक तृतीयांश, तरी जनुकांच्या संख्येत फार फरक नाही. तिच्या ७८ गुणसूत्रांपैकी बरीचशी अगदी चिमुकली, पण जनुकांनी गच्च भरलेली. त्यांच्यावर सविस्तर लिहाच, मुलांना वर्गात वाचून दाखवीन.